पेटीतले कपडे

माझ्या स्वयंपाकघरात ओट्यासमोर एका डॅनिश चित्रकाराचं चित्र आहे, जुन्या कॅलेंडरातून कापून फ्रेम केलेलं. शेतकऱ्याची बायको दारात बसून बटाटे सोलतेय. डोक्याला रुमाल, अंगात जाडंभरडं लोकरी पोलकं. कुकर लावताना मी तिच्याशी कितीदा तरी बोललेय. तिचा शांत चेहरा पाहून वाटायचं, हिला आपलं सगळं कळतंय.

या उन्हाळ्यात लेकीकडे डेन्मार्कला गेले आणि तिथल्या संग्रहालयात मूळ चित्र पाहिलं. शेजारची पाटी लेकीने वाचून दाखवली. चित्रकार म्हणे जुन्या कपड्यांची पेटी बाळगायचा. खेड्यातल्या बायका तोवर दुकानातलं साधं कापड वापरायला लागल्या होत्या. हा त्यांना आजीच्या काळचे कपडे चढवून बसवायचा.

मला चक्क फसवल्यासारखं झालं. इतकी वर्षं जिच्याजवळ मन मोकळं केलं, ती नटवून बसवलेली? प्रेमाने बघणाऱ्यालाही माणूस आहे तसा का चालत नाही?

"आई, चित्र सुंदर आहे ना? मग झालं तर," लेक म्हणाली. "आणि हो, संध्याकाळी माझे मित्र येतायत. तू नऊवारी नेस. शिवलेलीच मागवून ठेवलीय. फोटो मस्त येतील."

मी जन्मात नऊवारी नेसलेली नाही. बँकेतली सगळी नोकरी पंजाबी ड्रेसवर केली. हे तिला माहीत आहे.

मी पुन्हा चित्राकडे पाहिलं. बाईचा चेहरा शांत नव्हताच. कधी एकदा हे अंगातलं उतरवते, असं तिला झालं होतं.