छप्पन सुतांची चकती

देवाने हे जग आधी ड्रॉइंग न काढता थेट बनवायला घेतलं आणि म्हणूनच त्यात इतका खराब माल निघाला, असं ठाम मत असलेला माणूस अख्ख्या वाशीम जिल्ह्यात एकच आहे, आणि तो नेमका माझा साडू आहे. आमच्याकडे साडूला साडभाऊ म्हणतात. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान शेलूबाजारला लेथ मशीन चालवत होते आणि पन्नाशीपर्यंत चारचौघांसारखे शहाणे होते. मग त्यांनी वाशीमला जाऊन एक कोर्स केला. कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायचं, ते कॅड. त्या ड्रॉइंगवरून मशीनला रस्ता आखून द्यायचा आणि तिच्याकडून माल कापून घ्यायचा, ते कॅम. कोर्स तीन महिन्यांत संपला, साडभाऊंचा अजून चालू आहे.

त्यांच्या लेखी आता भाकरी ही भाकरी राहिलेली नाही. ते एक वर्तुळ आहे आणि त्याला तीन मिलिमीटर उंची दिलेली आहे. लोटा म्हणजे एक वाकडी रेघ, मधल्या दांड्याभोवती गरकन फिरवलेली. लग्नाच्या पंगतीत जिलेबी वाढली की ते आधी तिच्याकडे बराच वेळ बघतात आणि शेजाऱ्याला विचारतात, "ह्या रेघेची सुरुवात कुठून हाय, हे आचाऱ्याले तरी माईत असन काय?" एकदा पुतणीसाठी स्थळ आलं. मध्यस्थाने मुलाचा फोटो पुढे केला. साडभाऊ म्हणाले, "हा फक्त समोरून हाय. बाजूनं आन् वरून कुठी हाय? एका फोटोवर मी साधा बोल्ट पास करत नाई." मध्यस्थही खमक्या, त्याने खरोखरच आणखी दोन फोटो मागवले. मुलाच्या डोक्यावर मधोमध टक्कल पडायला लागलंय हे वरून घेतलेल्या फोटोत कळलं. लग्न त्याच मुलाशी झालं, कारण साडभाऊंनीच निकाल दिला की तो दोष नसून फिनिशिंग आहे.

हसायला मला सोपं आहे. माझं मंगरूळपीरला लेथचं वर्कशॉप, तीस वर्षांचं. माझं ड्रॉइंग म्हणजे फरशीवर खडूनं काढलेलं. एकदा साडभाऊ आले, फरशीकडे बघून म्हणाले, "साडभाऊ, तुमचं डिझाइन रोज सकाळी आमची मेहुणी झाडून टाकते." हे माझ्या बायकोसमोर म्हणाले. ती जरा जास्तच हसली. पुढच्या रविवारपासून मी त्यांच्याकडे शिकायला जाऊ लागलो.

शिकायला म्हणजे काय, मार खायलाच. माउस मी हातोड्यासारखा धरायचो आणि काम झालं की टेबलावर आपटायचो. "त्याले ठोकू नका, सरकवा," ते म्हणायचे. माझी वर्तुळं बरी येत, पण हाताने जोडलेल्या रेघा एकमेकींना भेटत नसत. मला तर भेटलेल्याच दिसायच्या. साडभाऊ चित्र मोठं करत, आणखी मोठं करत, शेवटी पडदाभर एक फट दाखवत आणि म्हणत, "इतून म्हैस जाईन जी." त्यांची गंमत अशी की त्यांना चूक बघवत नाही. मी चुकीच्या बटणाकडे निघालो की त्यांचा हात आपोआप पुढे येई आणि माउस हिसकावून घेई. म्हणून ते मला शिकवताना स्वतःचे दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसत. साठीला टेकलेला गृहस्थ स्वतःच्या हातांवर बसून "डावीकडं, डावीकडं" म्हणून विव्हळतोय, हे दृश्य बघायला त्यांच्या गल्लीतले लोक दारात येऊन थांबत. तीन महिन्यांत मला वर्तुळ काढता आलं, त्यात एक भोक पाडता आलं आणि तेच भोक गोल फिरवत बत्तीस वेळा उमटवता आलं. एवढ्या विद्येवर माणसाचं डोकं किती फिरावं याला काही मर्यादा असते, ती मी पाळली नाही.

गेल्या ऑक्टोबरात ताईचा फोन आला. ताई माझी थोरली बहीण, स्वतःची शेती स्वतः बघते. सोयाबीन निघालं होतं, रान तयार होतं आणि हरभरा पेरायचा होता, पण तिच्या पेरणीयंत्रातल्या बी सोडणाऱ्या पाचही चकत्या झिजून गेल्या होत्या आणि तसल्या चकत्या आता बाजारात येत नव्हत्या. "चार दिवस ओल हाय भाऊ. मंग जमीन कोरडी पडते. होते काय तुह्याच्यानं?"

होते काय म्हणजे? मला बत्तीस भोकं येत होती. मी जुनी चकती मागवून घेतली, माझ्या जुन्या मोजपट्टीनं मोजली. आम्हा लेथवाल्यांचं माप सुतात. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. चकती भरली छप्पन सूत, भोक तीन सूत. मी वर्कशॉपात नव्याने आणलेल्या कॉम्प्युटरसमोर बसलो आणि छप्पन लिहिलं, तीन लिहिलं, भोकं फिरवली. पडद्यावर चकती इतकी सुरेख दिसत होती की ती साडभाऊंना आधी दाखवावी असं वाटलंच नाही. ती यंत्रात बसल्यावर दाखवणार होतो. ड्रॉइंग वाशीमला लेझर कटिंगवाल्याकडे पाठवलं. त्या भल्या माणसाचा दुसऱ्या दिवशी फोन आला, "भाऊ, साइज बरोबर हाय ना? लहान वाटून राह्यली." मी तीस वर्षांचा सगळा अनुभव आवाजात आणून म्हणालो, "ड्रॉइंगमंधी जे हाय ते कापा."

त्याने कापलं. पार्सल मी थेट ताईच्या बांधावर नेऊन तिथेच उघडलं. आतून पाच चकत्या निघाल्या, गुळगुळीत, चकचकीत, आणि चहाच्या पेल्यावर झाकण म्हणून शोभतील एवढ्या. कॉम्प्युटर सुतं जाणत नाही. तो मिलिमीटर जाणतो, आणि मी लिहिलेले छप्पन त्याने निमूटपणे मिलिमीटर समजून घेतले होते. ताईने हरभऱ्याचा एक दाणा भोकावर ठेवला. तो तिथेच बसून राहिला.

"हे कायचं होय रे?" ती म्हणाली. "खसखस पेराची हाय काय मले?"

तिसरा दिवस मावळत आला होता. साडभाऊंना फोन करणं मला जिवावर आलं होतं, पण ताई माझ्याकडे बघत नव्हती, रानाकडे बघत होती. मी फोन केला. वाटलं होतं, आता पुढची दहा वर्षं प्रत्येक पंगतीत हीच गोष्ट वाढली जाईल. ते फक्त म्हणाले, "सुतात मोजलं काय?" आणि मग, "जुनी चकती घेऊन या."

त्यांनी पुन्हा मोजून पुन्हा काढलं. चौथ्या दिवशी वाशीमला आम्ही दोघं कापणाऱ्याच्या डोक्याशी उभे राहिलो. पाचव्या दिवशी सकाळी चकत्या बसल्या, खट्कन, आणि ताईने ट्रॅक्टर चालू करायला सांगितला. दाणा दाण्यामागून पडत गेला.

तीन आठवड्यांनी आम्ही दोघं तिच्या रानात गेलो. हरभरा छान उगवला होता, तासं, म्हणजे पेरणीच्या ओळी, सरळ, अंतर सारखं. फक्त वरच्या अंगाला, चढाकडे, जिथली ओल एक दिवस आधीच उडाली होती, तिथे अर्धी तासं रिकामी होती.  ताईने आम्हाला चहा दिला आणि डबा भरून मुरमुऱ्याचा चिवडा बांधून दिला.

साडभाऊंनी त्या रिकाम्या जागेत वाकून मातीत बोट खुपसून पाहिलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "हे अर्धं माहं होय, साडभाऊ. माप कशात हाय ते आधी कॉम्प्युटरले सांगा लागते, हे मी तुमाले पयल्याच दिवशी शिकवाले पाह्यजे होतं. राहून गेलं माह्याकून. मी आपला म्हशीच जाऊ देत बसलो."

मी चिवड्याचा डबा त्यांच्या हातात दिला. घरी येऊन त्या रविवारांची वही काढली. पहिल्या पानावर, पहिल्याच ओळीत, माझ्याच अक्षरात, खाली दोन रेघा मारून लिहिलेलं आहे : आधी माप कशात आहे ते ठरवणे, मग वर्तुळ. त्यांनी शिकवलं होतं. मी लिहूनही घेतलं होतं. ती वही अजून त्यांना दाखवलेली नाही. त्यांनी उचललेलं ते अर्धं ओझं परत मागून घ्यावं, असं दर रविवारी शेलूबाजारच्या जीपमध्ये बसताना वाटतं, आणि त्यांचं दार आलं की मी चहा झाला का, एवढंच विचारतो.