मागं इंजिन, पुढं मामा

मला गाड्यांमधलं काही कळत नाही, हे माझ्या सासऱ्यांनी मी गाडी घेण्याच्या आधीच सांगून ठेवलं होतं.

मी संगमनेरात दातांचा डॉक्टर. मुलगी शिकायला बाहेर गेली, घर शांत झालं, आणि अशा वेळी लोक योगासनांना लागतात, तसा मी जुन्या स्पोर्ट्स कारच्या नादी लागलो. ती मला पुण्यात एका बंगल्याच्या पोर्चमध्ये दिसली. लाल, बुटकी, गोल डोळ्यांची, परदेशी बनावटीची. दारं दोनच. इंजिन मागं, आणि तेही पाण्यावर नाही, हवेवर थंड होणारं. ("रेडिएटरच नाही, त्यामुळे पाणी गळायची भीती नाही!" असं मालक म्हणाले. तेलाबद्दल ते काही बोलले नाहीत.) चावी माझ्या हातात देताना त्या गृहस्थांच्या डोळ्यांत पाणी आलं. तेव्हा मला वाटलं, केवढी ही माया! आता वाटतं, सुटका झाल्याचा आनंद असावा.

गाडी घरी आली आणि दारातली रांगोळी पुसली गेली, कारण तिच्याखाली रोज तेलाची नवी रांगोळी पडू लागली. दवाखान्यासमोर मी ती सुरू केली, की तो घरघराट ऐकून बाहेर बसलेले पेशंट हळूच चपला घालून निघून जायचे. त्यांना वाटायचं, आत डॉक्टरांनी कुणाची तरी दाढ कोरायला घेतलीय!

मामा, म्हणजे माझे सासरे (अख्खा गाव त्यांना मामाच म्हणतो), पहिल्यांदा तिच्यात बसले तेव्हा त्यांचे गुडघे हनुवटीला लागले.

"जावईबापू, ही गाडी हाय का घमेलं?"

"मामा, स्पोर्ट्स कार आहे. अशीच खाली असते."

"खाली हाय ते दिसतंय. वर कधी यायचं?"

त्या दिवशी त्यांना बाहेर काढायला मी आणि माझी बायको शैला असे दोघं लागलो होतो. तेव्हाच मी काही शिकायला हवं होतं.

मामांची शेती नदीपलीकडच्या गावात. दूध संघाच्या संचालकांना नावं ठेवण्यात त्यांचा उभा जन्म गेला होता. त्या वर्षी मात्र ते स्वतःच संचालकपदाला उभे राहिले. समोर नाना. म्हणजे बांधाला बांध लागलेला शेजारी आणि शाळेपासूनचा वैरी. अर्ज भरायचा शेवटचा दिवस होता, आणि दुपारी तीनला संगमनेरच्या निवडणूक कार्यालयाचं दार बंद होणार होतं. मामांनी त्याच दुपारचा मुहूर्त काढला होता. सकाळचे सगळे मुहूर्त भटजींनी बाद केले होते!

ऐन जेवणाच्या वेळेला मामांचा फोन आला.

"जीप चालू व्हईना. बॅटरी उतरलीय. गाडी घेऊन या लगोलग."

आमची रोजची गाडी नेमकी सर्व्हिसिंगला गेली होती. शैला म्हणाली, "रिक्षा करा." मी म्हणालो, "उमेदवार रिक्षातून उतरणार? अगं, या गाडीतून उतरले तर अख्खा तालुका बघत राहील!" (तालुका बघत राहिला. तेवढं माझं खरं झालं.)

"मग मीही येते," शैला म्हणाली. "बाबांना तुमच्याबरोबर एकटं नाही सोडायची."

जाताना गाडी उत्तम चालली. पांढरंशुभ्र धोतर, सदरा, टोपी आणि खांद्यावर उपरणं अशा थाटात मामा पुढच्या सीटवर मावले. शैला मागच्या फळीवर (तिला सीट म्हणणं ही कंपनीची अतिशयोक्ती) आडवी बसली, कडेवर तान्हं बाळ धरावं तशी अर्जाची पिशवी धरून. गावातल्या पोरांनी घोषणा दिल्या. दोघं-तिघं मोटारसायकलवरून मागं निघाले. हाताशी भरपूर वेळ होता.

पूल ओलांडला आणि समोर उसाच्या ट्रॉल्या! एकामागोमाग एक, नजर पोचेल तिथपर्यंत. पुढं कुठंतरी एक ट्रॉली कलंडली होती आणि तिचा ऊस रस्त्यावर सांडला होता.

आम्ही मुंगीच्या चालीनं सरकत राहिलो. मामा दर क्षणाला घड्याळ बघत होते. तेवढ्यात माझ्यासमोर एक लाल दिवा लागला.

"हा कशाचा?" मामांनी विचारलं.

"असतो असा," मी म्हणालो. (मला माहीत नव्हतं.)

"अहो," मागून शैलाचा आवाज आला, "माझ्याखाली काहीतरी शिजतंय."

"भास आहे."

"भासाला वास नसतो!"

मागून धूर यायला लागला तशी मी गाडी बाजूला घेतली. एक ट्रॅक्टरवाला खाली उडी मारून मदतीला आला. त्यानं सवयीनं पुढचं झाकण उघडलं. आत एक स्टेपनी आणि एक जुनं फडकं.

"आयला! डॉक्टर, इंजिन पडलं की कुठंतरी!"

मामांनी डोक्याला हात लावला. "मघाशी मागं कायतरी वाजलं, तवाच मला शंका आली हुती!"

"मामा, इंजिन मागं असतं."

"मागं म्हंजे कुठं? पुलापाशी?"

मी मागचं झाकण उघडून इंजिन दाखवलं तेव्हा कुठं त्यांच्या जिवात जीव आला. ट्रॅक्टरवाला पाण्याचा कॅन घेऊन आला. "टाका पाणी."

"याला पाणी नाही लागत. हवेवर थंड होतं."

त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जणू उन्हानं डॉक्टरांना काहीतरी झालंय. पण तेवढ्यात मलाच दिसलं. ज्या पट्ट्यावर पंखा फिरतो तो पट्टा तुटून पडला होता, आणि पंखा स्वस्थ बसला होता. त्या पंख्याचा वारा म्हणजे या इंजिनाचा श्वास! दुसरा पट्टा पुण्याच्या अलीकडे मिळण्यातला नव्हता.

"मोटारसायकलवर चला, मामा," मी म्हणालो.

"या गुडघ्यांनी? मागं पाय टाकता येत न्हाई मला, म्हाईत हाय ना तुमाला?"

बाजूनं नानांची जीप कच्च्यातून धूळ उडवत निघाली. नानांनी काचेतून हात केला. मामांचा चेहरा गाडीहून लाल झाला. आयुष्यात त्यांनी एकदाच काहीतरी मागायचं ठरवलं होतं, आणि ते माझ्या हौसेपायी रस्त्याच्या कडेला उभे होते. मला घाम फुटला. 

मामांनी मागच्या झाकणात डोकावून बघितलं. मग म्हणाले, "हवेवर थंड हुतं म्हणता ना?"

"हो."

"मग घाला की वारा!"

आणि त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढून इंजिनाला वारा घालायला सुरुवात केली! ते बघून मोटारसायकलवाली पोरं धावली. ट्रॅक्टरवाल्यानं ट्रॉलीतून उसाचे हिरवे वाढे, म्हणजे जनावरांसाठी घेतलेले पानांचे शेंडे, उपसून दिले. दोन्ही बाजूंनी माणसं उभी राहून माझ्या गाडीला चवऱ्या ढाळाव्यात तसा वारा घालू लागली. धूर कमी झाला. तोवर पुढचा सांडलेला ऊसही बाजूला होऊन वाट मोकळी झाली होती. मी चावी फिरवली. घरघर!

"बसा, बसा, बसा!"

पण पंख्याशिवाय ती जरा पळायची, तापायची, आणि मी बंद करायचो. लगेच मागची पोरं मोटारसायकली आडव्या टाकून वाढे घेऊन धावत यायची. वारा! पुन्हा थोडं पुढं. पुन्हा वारा! नाक्यावर एका बाईंनी शेजारणीला विचारलेलं मी स्वतः ऐकलं, "कुठल्या देवाची मिरवणूक गं ही?"

"किती वाजले?" शैला ओरडली.

"विचारू नको!"

कार्यालयाच्या फाटकातून आत शिरलो तेव्हा शिपाई दाराची कडी हातात धरून उभा होता. मी ब्रेक दाबला. मामांनी दाराचं हँडल ओढलं, आणि ते उपटून त्यांच्या हातात आलं.

"जावईबापू, हे काय?"

"हँडल."

"ते कळतंय! दार कसं उघडायचं?"

मी बाहेरून फिरून आलो, ओढलं, लाथ मारली. दार ढिम्म. माझ्या बाजूनं सरकावं तर मध्ये गिअरचा दांडा आणि मामांचे गुडघे. मागं शैला अडकलेली, कारण मामा उठल्याशिवाय ती उठू शकत नव्हती. शिपाई हाका मारत होता, "शेवटचं कोण हाय? लावू का दार?"

अर्ज भरून पायऱ्या उतरणाऱ्या नानांनी हा सगळा प्रकार बघितला. ते तरातरा आले, बाही सारली आणि म्हणाले,

"मामा, तुमाला पाडायचंच हाय मला. पन मतानं! असं डब्यात कोंडून न्हाई."

त्यांनी खिडकीतून हात घालून मामांना बखोटीला धरलं. मी कंबर धरली. आतून शैलानं ढकललं. आधी टोपी बाहेर आली, मग मामा, मग अर्धं धोतर. उरलेलं धोतर फाटून गिअरच्या दांड्याला अडकून राहिलं. त्याच अवस्थेत मामा, शैलानं खिडकीतून दिलेली पिशवी छातीशी धरून, पायऱ्या चढले. अर्ज भरला गेला. पाठीमागं दार लागलं. शैला गाडीतच रडायला लागली, की हसायला, ते मला अजून नक्की सांगता येत नाही.

त्याच संध्याकाळी कुणीतरी काढलेला व्हिडिओ तालुक्यातल्या प्रत्येक मोबाईलवर पोचला. त्यात फक्त एवढंच दिसत होतं, की नाना एका म्हाताऱ्या उमेदवाराला बखोटीला धरून गाडीतून ओढून काढतायत आणि त्याचं धोतर फाडतायत!

मामा दारोदार सांगत फिरले, "अरे, नानांनी मदत केली मला. माणूस चांगला हाय." पण ते जितकं सांगायचे, तितके लोक हळहळायचे. "बघा, एवढं होऊनही वैऱ्याबद्दल वाईट शब्द न्हाई!"

मामा दणदणीत निवडून आले. नाना अभिनंदनाला आले आणि माझा हात हातात घेऊन म्हणाले, "डॉक्टर, मला मामांनी न्हाई, तुमच्या गाडीनं पाडलं."

पोरांनी हट्ट धरला, मिरवणूक याच गाडीतून काढायची. नवा पट्टा मी पुण्याहून आणून बसवला होता. गाडी धुतली, हार घातला, चावी फिरवली. काहीच नाही! शेवटी पुढं ट्रॅक्टर जोडला. मामा शहाणे, ते ट्रॅक्टरवर बसले. मी एकटा स्टिअरिंग धरून मागं. विकत घेतल्यापासून पहिल्यांदाच माझी गाडी कुठंही न तापता, न थांबता अख्खं गाव फिरली. दोन्ही बाजूंनी लोक टाळ्या वाजवत होते, आणि मी ऐटीत हात हलवत होतो. चौकात आल्यावर एक आजोबा खिडकीशी वाकले आणि हळहळून म्हणाले, "घाबरू नगा, गॅरेज पुढंच हाय."