बाजारात न बसणारी लिंबूवाली

ऐका न, या बाईचं सांगितल्याशिवाय मले राहवतच नाही! धामणगाव बढ्याच्या आठवडी बाजारात येते. नाव कधी विचारलं नाही. डोक्यावर लिंबांचं टोपलं घेऊन दिवसभर उभी! गिऱ्हाइकानं हात वर करायचा आन् हाती लागंल ते लिंबू घ्यायचं. एक पाय दुखला की ती दुसऱ्यावर भार देते, पन टोपलं हलत नाही.

एकदा विचारलंच, "मावशी, बसत काऊन नाही?"

"बसलं की पंचायतीची पावती फाडा लागते बापू. तो जागेचा कर हाय. म्या जागाच घेतली नाही!"

"पन पाय?"

"दुखतात तं! पन इतकी वर्सं कर घेतला आन् बायांसाठी एक संडास नाही बांधला. त्याच्यापायी बाया दिवसभर पानी पेत नाहीत. संडास बांधा म्हना, पह्यली पावती माही."

गेल्या बाजारी पावतीवाला आला. त्याले पाह्यल्याबरोबर शेजारची मेथीवाली टोपलं डोक्यावर घेऊन उठली. मंग वांगेवाली, मंग मिरचीवाली. पुरी लाइनच उभी!

"अवो बायाहो, बसा न! काय तमाशा लावला?"

"तुमीच बसा सायेब, जागा खालीच हाय," मावशी म्हनली.

सारा बाजार हसला. त्यानं घाम पुसत तिथूनच सरपंचाले फोन लावला, "भाऊ, बायांच्या संडासाचं आजच काई तरी बोला. इथं एकही पावती फाटून नाही राह्यली."