कडू व्हायचं काम

मला लहान मुलांचं फारसं वेड नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण माझ्या बायकोला ते खोटं वाटतं आणि ती येणाऱ्या-जाणाऱ्याला तसं सांगत असते. जवाहरनगरच्या फॅक्टरीतून निवृत्त झालो, क्वार्टर सोडलं आणि जवळच शहापूरला घर बांधलं, ते मागच्या जागेत चार ओळी भाजी लावता यावी एवढ्यासाठीच. घरामागच्या या जागेला आमच्याकडे सांदवाडी म्हणतात. तिथे वांगी, टमाटर, सांभार म्हणजे कोथिंबीर, आणि बांबूच्या मांडवावर लवकीचा, म्हणजे दुधीचा वेल आहे. भाजीचं एक बरं असतं, तिला कितीही बोला, ती उलटून बोलत नाही.

अशात माझी मुलगी नर्स म्हणून आयर्लंडला गेली आणि तिची दहा महिन्यांची पोर आमच्याकडे राहिली. जावई पुण्यात नोकरीला, त्याचा व्हिसा व्हायचा होता. तिकडे मुलीची ड्युटी कधी दिवसाची, कधी रात्रीची. काही महिन्यांचाच प्रश्न आहे, असं सगळे म्हणाले. सगळे म्हणतात तेव्हा मी त्यातले महिने दुपटीने धरतो. इथे दुपटीनेही भागलं नाही. जावई तिकडे पोचला, त्यानंतरही घर आणि पाळणाघर मिळेपर्यंत बराच काळ गेला.

बायको म्हणायची, दुधापेक्षा साय गोड. मी म्हणायचो, गोड असेल, पण सायीच्या मागे धावायला गुडघे लागतात आणि तुझे तर गेलेत. झालंही तसंच. नात चालायला लागली ती थेट माझ्या मागे सांदवाडीत. मी उकिडवा बसलो की तीही बसायची. मी लावलेलं रोप ती उपटायची, मुळं नीट बघायची आणि माझ्या हातात द्यायची. पुन्हा लावावं तर पुन्हा उपटायची. पाणी घालायचं ते एकाच वांग्याला, आणि असं घालायचं की ते वांगं शेवटी कुजलं. मी ओरडायचो. माझा आवाज मुळातच मोठा आहे, आणि फॅक्टरीत मशीनच्या गोंगाटात जन्म गेल्याने तो आणखी चढलेला. शेजारच्यांची पोरं मला बघून रस्ता बदलतात. हिला मात्र वाटायचं, हा माणूस असाच बोलतो. मी जास्त ओरडलो की ती हसायची.

आई तिच्यासाठी मोबाइलमध्ये होती. दुपारी मुलीचा व्हिडिओ कॉल यायचा, तेव्हा तिकडे सकाळ असायची. नात फोनला टमाटर दाखवायची, फोनला भात भरवायची. मग फोन कोणाचाही वाजला तरी ती ‘आई’ म्हणून धावायला लागली. गॅसवाल्याचा फोन आला तरी आई. आम्ही हसायचो. मुलीला हे सांगू नकोस, असं मी बायकोला बजावलं होतं. तिने अर्थातच सांगितलं.

पाळणाघरात जागा मिळाली तेव्हा नात अडीच वर्षांची झाली होती. मुलीला रजा नव्हती, म्हणून आम्हीच पोरीला घेऊन जायचं आणि थोडे दिवस राहून परतायचं, असं ठरलं. तिकिटं निघाली त्या दिवशी मुलीने फोनवर विमानाच्या वेळा, सामानाचं वजन, लोणच्याची बरणी कशी बांधायची, सगळं सांगितलं. मग म्हणाली, “बाबा, ती माह्याजवळ येईन ना?”

येईल, न यायला काय झालं, असं मी म्हणालो. ती इतकी साधी गोष्ट नव्हती, हे मला माहीत होतं.

प्रवासाबद्दल लोक फार लिहितात. मला आठवतं ते एवढंच, की नागपूरहून निघून मधल्या विमानतळावर विमान बदलायला थांबलो, तिथे मोठमोठ्या कुंड्यांत झाडं होती आणि नातीने आपली पाण्याची बाटली त्यातल्या एकात पूर्ण रिकामी केली. झाड प्लास्टिकचं होतं. पाणी फरशीवर आलं, पुसणारा आला, त्याने मला काहीतरी विचारलं आणि मी त्याला मराठीत उत्तर दिलं. त्याचं समाधान झालेलं दिसलं.

आयर्लंडला मुलगी विमानतळाच्या दाराशीच उभी होती. आम्हाला बघून ती खाली गुडघ्यांवर बसली आणि तिने हात पसरले. माझ्या कडेवरच्या नातीने तिच्याकडे बराच वेळ बघितलं. मग माझ्या खिशातून मोबाइल ओढून काढला, त्याच्यावर बोट ठेवून ‘आई’ म्हणाली, आणि माझ्या मानेत तोंड खुपसलं. मुलगी हसली. जावयाने बॅगा उचलल्या.

पुढचे दिवस वाईट गेले. नात माझ्याच हातून जेवायची, माझ्याच कुशीत झोपायची. मुलगी ड्युटीवरून यायची, कपडे बदलून पोरीजवळ बसायची, नवी खेळणी काढायची. पोरगी खेळणी घ्यायची आणि माझ्याकडे आणून द्यायची. मुलगी न्हाणीघरात जाऊन नळ सोडायची. नळ चालू आणि बादली मात्र भरत नाही, हे बाहेर बसलेल्या माणसाला ऐकू येतं.

तेव्हा बायकोने जुनी गोष्ट काढली. आमची मुलगी लहान असताना तिचं अंगावरचं दूध काही केल्या सुटत नव्हतं. शेवटी माझ्या सासूबाईंनी कडुनिंबाचा पाला वाटून बायकोच्या छातीला लावला. पोरीने दोनदा तोंड वाकडं केलं, रडली, आणि तिसऱ्या दिवसापासून भात खायला लागली. आमच्याकडे घरोघरी असंच करतात.

“कोणाले तं कडू व्हा लागते जी,” बायको म्हणाली. “माह्यानं नाही होत. अन तुमाले तं काही लावायची गरजच नाही.”

थट्टा होती, पण तिचे डोळे भरलेले होते. आमचे दिवस संपत आले होते. आम्ही गेल्यावर पोरगी आईला परकी मानून त्या घरात राहिली असती, तर दोघींचे हाल झाले असते. मी होतो तोवर तिला दुसऱ्या कोणाची गरज नव्हती. घोडं तिथेच पेंड खात होतं.

रागावून उपयोग नव्हता, माझ्या ओरडण्यावर तर ती हसत होती. म्हणून मी बोलणंच बंद केलं. तिकडे घरामागे गवताचा लहानसा तुकडा होता. त्याच्या कडेची माती उकरून मी वाण्याकडचे धणे टाकले होते, तिकडे उन्हाळ्यातही थंडी होती, तरी सांभार उगवला होता. मी तिथे बसलो होतो आणि नात मगमध्ये पाणी घेऊन आली. मी तिच्याकडे पाठ केली. ती वळून समोर आली. मी पुन्हा पाठ केली. तिला खेळ वाटला, ती हसली, पुन्हा समोर आली. मी पुन्हा वळलो. या वेळी ती हसली नाही. तिने पाण्याचा मग खाली ठेवला आणि घरात गेली. मला फार वाईट वाटलं. मी उगाचच गवत उपटत बसलो.

मग हेच रोज. उचलून घे म्हणाली की मी उठून जायचो. माझ्या पलंगावर आली की मी दुसऱ्या खोलीत. दोन रात्री ती आजीजवळ रडली, मग कधीतरी आईजवळ झोपली. एका सकाळी तिने आईच्या हातून दूधभात खाल्ला. मुलगी दिवसभर गुणगुणत होती.

मुलीला आम्ही काही सांगितलं नव्हतं. पोरगी आपणहून आपल्याकडे आली, असंच तिला वाटायला हवं होतं. त्यामुळे एकदा ती माझ्यावरच चिडली. “बाबा, ती तुमच्यामागं फिरते अन तुम्ही तिच्याशी बोलून काहून नाही राहिले? एवढ्याशा लेकराचा कायचा राग?”

मी म्हणालो, इथली थंडी मला मानवत नाही. बायको पातेल्यात चमचा फिरवत राहिली.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी सगळे मागच्या गवतावर होतो. तिथे तेव्हा रात्रीचं जेवण झालं तरी उजेड असायचा, त्यामुळे दुपार संपता संपत नव्हती. मुलगी दाराजवळ कपडे वाळत घालत होती, मी मध्ये खुर्ची टाकून बसलो होतो. नात तिकडच्या कुंपणापाशी धावत होती, धावता धावता पाय अडकून पडली. गुडघा फुटला. उठून उभी राहिली, तोंड रडण्यासाठी उघडलं, पण आवाज अजून आलेला नव्हता. सगळ्यांत जवळ मीच होतो. ती माझ्याकडे बघत होती. ठरवलेलं सगळं माझ्या डोक्यातून गेलं, मी खुर्चीतून उठलो आणि वाकून दोन्ही हात पुढे केले.

तिने माझे हात बघितले. मग माझ्यापासून लांबून, कुंपणाच्या कडेकडेने, पूर्ण वळसा घालून ती आईकडे गेली, आणि आईच्या पायांना मिठी मारल्यावरच मोठ्याने रडली.

मुलीने तिला उचललं. ओले कपडे खाली पडले. ती स्वतःही रडत होती आणि हसत होती. “बाबा,” ती म्हणाली, “पायलं का? माह्याकडं आली ती.”

माझे हात अजून पुढेच होते. मी ते मागे घेतले आणि म्हणालो, “मंग कोणाकडं जाईन? तू माय आहेस तिची.”