लाकडी बदकात शिसं

रिपोर्टवर ‘फेल’ छापून आलं होतं आणि विनय फोनवर मलाच शांत राहायला सांगत होता. म्हणजे तो स्वतः अजिबात शांत नव्हता.

“मॅडम, तुम्ही टेन्शन घेऊ नका. पण दहा दिवसांत कंटेनर जातोय. सर्टिफिकेट नसेल तर बायर ऑर्डर कॅन्सल करणार.”

विनयचा मरोळच्या एमआयडीसीत एक गाळा आहे. तिथे तो लाकडी खेळणी बनवतो. ही त्याची परदेशातली पहिली ऑर्डर, युरोपातली. दोरीने ओढायचं बदक, पिवळं अंग, लाल चाकं. या ऑर्डरच्या भरवशावर त्याने चांगली नोकरी सोडली होती. आणि माझं काम, एक्स्पोर्टच्या मालाची सर्टिफिकेटं करून देणं.

युरोपात खेळणं विकायचं तर त्यावर ‘सीई’ ही दोन अक्षरं लागतात. ती छापण्याआधी खेळणं सुरक्षित असल्याचा पुरावा फाइलमध्ये हवा. मूल ते तोंडात घालणारच, हे लॅब धरूनच चालते. म्हणून रंग खरवडून पोटातल्यासारख्या आम्लात ठेवतात आणि त्यातून काय काय सुटतं ते मोजतात. आमच्या बदकाच्या लाल रंगातून शिसं सुटलं होतं. तेही भरपूर.

“पेंट बदललास का रे?”

“आईशप्पथ नाही. तुम्ही सांगितलेल्याच कंपनीचा आहे.”

खरं सांगते, माझा विश्वास बसला नाही. या धंद्यात आईची शपथ मी फार ऐकली आहे. मी डब्याचा फोटो मागवला, बॅच नंबर मागवला, पेंट कंपनीचा रिपोर्ट मागवला. सगळं चोख. मग शिसं आलं कुठून?

विक्रोळीला लॅबमध्ये जाऊन बसले. तिथले केमिस्ट फर्नांडिस माझ्या जुन्या ओळखीचे.

“मॅडम, मशीन बरोबर आहे. मी दोनदा चेक केलं. लाल रंग सगळा एकत्र खरवडला. चाकांचा आणि खालचा.”

“खालचा कुठला? खाली रंगच नाहीये.”

त्यांनी सॅम्पल आलं तेव्हाचा फोटो उघडला. बदकाचं पोट कोऱ्या लाकडाचं आणि बरोबर मध्ये बोटाएवढा केशरी-लाल ठिपका.

“मला वाटलं, कंपनीचा लोगो आहे,” फर्नांडिस म्हणाले.

मला हसू फुटलं. कोकणातल्या घरात वाढलेल्या बाईला तो लोगो ओळखायला वेळ लागत नाही. तो शेंदूर होता. बाजारातला बराच शेंदूर शिशापासूनच बनतो. पण पुढच्याच क्षणी हसू विरलं. पॅक झालेल्या किती बदकांच्या पोटावर हा टिळा असेल? रिक्षा पकडून तडक मरोळ गाठलं.

रंगकामाच्या टेबलाशी शेवंती मावशी होत्या, विनयच्या सुपरवायझर. दाराजवळच्या कोनाड्यात मारुती, नुकताच शेंदूर लावलेला. मी मोबाइलवरचा फोटो पुढे केला.

“मावशी, हे तुम्ही केलंत?”

“मग? मारुतीक दाखवल्याशिवाय पयलो नग भायर कसो धाडूचो? परीक्षेक बसणारो होतो, म्हणान तोच दिलंय.”

विनयने कपाळावर हात मारला. “अहो मावशी, त्यात शिसं असतं!”

“एक मिनिट,” मी म्हटलं. “मावशी, किती बदकांना लावलात?”

“पयल्याक एकट्याक. सगळ्यांका लावूक माका टाइम खंय आसा?”

माझ्या जिवात जीव आला. मावशींचा चेहरा मात्र एवढासा झाला होता. “माझ्यामुळे ह्येची ऑर्डर जातली?” त्यांनी हळूच विचारलं. मला फार वाईट वाटलं. बाईने पोराला परीक्षेला धाडावं तसं ते बदक धाडलं होतं.

“नाही जायची,” मी म्हटलं, आणि लगेच मनात म्हटलं, मॅडम, आता निस्तरा.

वेगवेगळे खोके मीच उघडायला लावले. मला वाटेल ते तीन नग उचलले, पोटं तपासली, पाकिटात सील केले आणि त्याच दुपारी विक्रोळीला पोचवले. सोबत सगळी हकीकत लिहून दिली. फर्नांडिसनी ते पत्र ऑफिसभर वाचून दाखवलं म्हणे. पाचव्या दिवशी रिपोर्ट आला. पास, शिसं नाही. कंटेनर वेळेवर गेला आणि विनयने मला पेढे पाठवले. पेढ्यांवर केशरी रंग होता, पण मी तो तपासला नाही.

लॅबला खास निवडलेला नग कधी पाठवू नये, चालू मालातला कुठलाही उचलावा. हे मी क्लायंटना वर्षानुवर्षं सांगत आले, पण ‘खास’ म्हणजे काय ते मलाच नीट कळलं नव्हतं. आता विनयकडे पहिला नग मारुतीपुढेच राहतो. त्याला फूल वाहतात आणि तो गाळ्याबाहेर जात नाही.

मी क्लायंटकडून एक फॉर्म भरून घेते. पेंट कुठला, गोंद कुठला, स्क्रू कुठले. त्यात शेवटी आणखी एक प्रश्न घातला आहे : सॅम्पलची पूजा झाली आहे का? तो वाचून सगळेच हसतात. मग निम्मे जण ‘हो’वर टिक करतात.