तळघरातलं मैदान

माझी आणि काकांची ओळख झाली त्या काळात ते कुणाच्याही घरी गेले की चपला काढता काढता आधी छताकडे बघत. यजमान बिचारा ओशाळायचा. "मागच्या पावसाळ्यात जरा ओल आली होती," असं काहीतरी पुटपुटायला लागायचा. काका त्याला मधेच थांबवत. "ओल येऊ द्या हो. उंची किती आहे?" मग खिशातून पोलादी टेप निघे आणि घरात स्टूल कुठे आहे याची चौकशी सुरू होई. एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना मान वर करून, डोळे बारीक करून ते उभे होते. शेजारच्या आजोबांना वाटलं, यांना गहिवरून आलंय. त्यांनी काकांच्या पाठीवर हातही ठेवला. काका पंख्याच्या पात्यापासून जमिनीपर्यंतचं अंतर अजमावत होते.

माझ्या इंटिरियरच्या कामावरच्या सुतारांनी पहिल्याच आठवड्यात त्यांचं नाव 'मापवाले काका' ठेवलं. आमच्या आपसात ते तेच राहिले. खरं म्हणजे काका यंत्रं चालवणारी सॉफ्टवेअर लिहायचे. सदाशिव पेठेत वाढलेला माणूस. देशाची दारं जगाला उघडायला लागली त्या वर्षांत त्यांनी चांगल्या पगाराची नोकरी सोडली आणि दोन मित्रांबरोबर पेठेतल्याच दोन खोल्यांत धंदा काढला. घरच्यांनी त्यांना वेड्यात काढलं. पुढे कंपनी वाढली, एका परदेशी कंपनीने ती विकत घेतली आणि काका साठीच्या आतच मोकळे झाले. बाणेरला बंगला बांधला. "आधी माप, मग मत," हे त्यांचं वाक्य कंपनीतल्या सगळ्या पोरांना पाठ होतं. कुणी "सर, मला वाटतं की" अशी सुरुवात केली की काका हात वर करत. "वाटतं ते घरी. मोजलंस का?"

मी तेव्हा नुकतीच स्वतंत्रपणे इंटिरियरची कामं घ्यायला लागले होते. त्यांचा फोन आला. "आर्किटेक्टबाई, बेसमेंटमध्ये गोल्फचं मैदान बसवायचंय. जमेल?" मी आर्किटेक्ट नाही, असं मी त्यांना तेव्हाही सांगितलं आणि नंतरही अनेकदा सांगितलं. त्यांनी ते कधी मनावर घेतलं नाही. भेटायला गेले तेव्हा ओळख वाढवावी म्हणून मी विचारलं, "काका, किती वर्षं खेळताय?"

"मी? मी आयुष्यात गोल्फची स्टिक धरलेली नाही. बायको खेळते." मग जरा थांबून म्हणाले, "खेळायची."

काकू लष्करी अधिकाऱ्याची मुलगी. खडकीच्या मोकळ्या हवेत वाढलेली, उंच, सरळ पाठीची. काकांपेक्षा चांगली तीन बोटं उंच. गोल्फ त्यांना वडिलांनी शिकवलं. लग्न होऊन पेठेत आल्यावर क्लबांची, म्हणजे गोल्फच्या दांड्यांची, पिशवी माळ्यावर गेली. सासूबाईंनी एकदा माळा आवरताना "या सळयांचं काय करायचं?" असं विचारलं होतं म्हणे. लेक शिकायला बाहेरगावी गेली त्या वर्षी काकूंनी ती पिशवी स्वतः खाली काढली आणि शहरातल्या जुन्या गोल्फच्या मैदानावर जायला लागल्या. रोज पहाटे स्कूटरवर, पिशवी पायाशी आडवी धरून. आठ-दहा वर्षं त्यांनी एक सकाळ चुकवली नाही.

मग आजारपण आलं. आधी सांधे दुखायला लागले, मग चेहऱ्यावर चट्टे उठले. खूप तपासण्यांनंतर डॉक्टरांनी ल्युपस असल्याचं सांगितलं. या आजारात शरीर स्वतःवरच उलटतं आणि ऊन लागलं की जास्त खवळतं. गोळ्यांनी दुखणं आटोक्यात आलं, पण ऊन कायमचं बंद झालं. सकाळचं कोवळंसुद्धा. काकूंनी घरी येऊन पडदे ओढले, पिशवी जिन्याखाली ठेवली आणि विषय संपवला. मैदानाचं नाव पुन्हा काढलं नाही.

"एक शब्द बोलली नाही," काका मला म्हणाले. "रडली असती, आदळआपट केली असती तर मला झोप लागली असती."

तेव्हा त्यांनी कुठेतरी वाचलं की परदेशात लोक घरातच गोल्फ खेळतात. समोर मोठा पडदा. त्यावर प्रोजेक्टरने मैदान दाखवायचं. खऱ्या क्लबने खरा चेंडू पडद्यावर मारायचा. बाजूला ठेवलेलं यंत्र त्याचा वेग आणि दिशा मोजतं आणि पडद्यावरचा चेंडू तेवढाच लांब जाऊन पडतो. बंगल्याखाली बेसमेंट होतंच. जुने कॉम्प्युटर आणि रद्दी सोडली तर रिकामं. अडचण एकच होती. क्लब डोक्यावरून मागे नेऊन फिरवायचा म्हणजे छत उंच हवं, आणि काकू उंच.

त्यांच्या फिरवण्याची उंची मोजायची कशी, यावर काकांनी बरंच डोकं चालवलं. शेवटी एका दुपारी त्यांनी काकूंच्या हातात जळमटं काढायचा लांब झाडू दिला आणि म्हणाले, "अगं, त्या कोपऱ्यात बघ जरा. असं मागून, गोल फिरवून काढ." मी टेप घेऊन दाराआड उभी होते. काकूंनी झाडू उभा धरला. "माझा स्विंग मोजायचाय ना? मग सरळ विचारा की. आणि त्या मुलीला बाहेर बोलवा, दारामागे पाल असते." काकांनी मग सगळं सांगून टाकलं. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं. "तळघरात गोल्फ," त्या म्हणाल्या. "उद्या बादलीत समुद्र आणा." आणि आत गेल्या.

मला वाटलं, काम गेलं. काका म्हणाले, "नाही म्हणाली का? नाही ना? मग उद्यापासून माणसं आणा."

छत वर जाणार नव्हतं. म्हणून जमीन खाली न्यायची ठरलं. काकांनी इंजिनियरला बोलावून पाया तपासून घेतला आणि मधली जागा खणायला सुरुवात झाली. खाली कठीण मुरूम लागला. ब्रेकरच्या आवाजाने घर हादरायचं, धूळ जिन्यावरून वर दिवाणखान्यात जायची. काका उलट्या घमेल्यावर बसून दर थोड्या वेळाने टेप लावत. काकू खाली डोकावल्यासुद्धा नाहीत. एकदा फक्त वरून आवाज आला, "पाणी लागलं तर कळवा, नळाचं कनेक्शन सोडून देऊ."

पडदा काकांनी तयार घेतला नाही. खडकीला तंबू शिवणाऱ्या एका कारागिराकडून जाड पांढऱ्या कापडाचा शिवून आणला आणि स्वतः उभं राहून चौकटीला चारी बाजूंनी करकचून ताणून बसवला. बोटाने टिचकी मारली तर डफासारखा वाजे. कारागीर म्हणाला, "साहेब, थोडा ढिला ठेवा." काका म्हणाले, "सुरकुती दिसेल." सगळं जोडून झालं त्या दिवशी त्यांनी जिन्याखालच्या पिशवीतून एक क्लब काढला, इंटरनेटवर पाहिल्याप्रमाणे पाय फाकवून उभे राहिले आणि चेंडू मारला. चेंडू पडद्यावर आपटला आणि त्याच वेगाने परत येऊन काकांच्या नडगीवर बसला. काका ओरडले ते गल्लीत ऐकू गेलं असेल.

काकू तेव्हा पहिल्यांदा खाली आल्या. एका नजरेत त्यांनी खोली पाहिली: खणलेली जमीन, हिरवी चटई, पडदा, आणि नडगी धरून जमिनीवर बसलेला नवरा.

"पडदा सैल करा," त्या म्हणाल्या. "आणि तो क्लब असा धरतात? पोळपाटावर लाटणं धरल्यासारखा?"

"शुभा, स्टिक जरा..."

"स्टिक हॉकीची असते. याला क्लब म्हणतात."

मी बर्फ घेऊन आले तेव्हा काकू काकांची बोटं एकेक करून दांड्यावर बसवत होत्या. पडदा सैल झाल्यावर "बघा, असं" म्हणून त्यांनी स्वतः एक चेंडू मारला. किती दिवसांनी मारला असेल. तो आवाज अगदी वेगळा होता, कोरडा आणि स्वच्छ. काकूंनी दुसरा मारला, तिसरा मारला. मग खुर्चीत बसून त्या खांदा चोळत राहिल्या. दुसऱ्या दिवशी आपणहून खाली आल्या.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती, पण आठ दिवसांनी काका माझ्या ऑफिसात आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. यंत्राबरोबर आलेली मैदानं सगळी परदेशातली. समुद्रकाठची, मखमली हिरवी. काकू खेळायच्या, पण त्यांना त्यात राम वाटेना. "एवढं हिरवं गवत मी पुण्यात कधी पाहिलं नाही," त्या म्हणाल्या होत्या. "कुणाच्या तरी कॅलेंडरमध्ये खेळल्यासारखं वाटतं."

"मग आता?" मी विचारलं.

"मग काय? तिचं मैदान करायचं."

आपलं मैदान स्वतः तयार करण्याची सोय त्या सॉफ्टवेअरमध्ये होती. काकांनी काकूंच्या गोल्फच्या जुन्या मैत्रिणींच्या ओळखीने परवानगी मिळवली आणि कॅमेरा, टेप, टोपी घेऊन रोज पहाटे मैदानावर जायला लागले. एकेक होल, म्हणजे मैदानाचा एकेक टप्पा, चालायचा, चढ-उतार मोजायचे, झाडांचे फोटो काढायचे, घरी येऊन कॉम्प्युटरवर ते रचायचं. एप्रिलचं पिवळं गवत, मुरमाचे पट्टे, मधेच आलेला खडक. संध्याकाळी पडद्यावर ते लागलं की काकू परीक्षकासारख्या समोर बसत.

"हे आंब्याचं झाड इतकं जवळ नाही."

"मी मोजलंय, शुभा."

"मी त्याच्यावर चेंडू मारलेत. परत मोजा."

काका दुसऱ्या दिवशी परत जात. बहुतेक वेळा काकूंचंच बरोबर निघे. माप चुकल्याचं इतकं हसून सांगणारे काका मी त्याआधी पाहिले नव्हते. काकूंच्या त्या मैत्रिणींपैकी एकीने मला पुढे सांगितलं, "ते नुसते फोटो काढत नसत हो. आम्हाला विचारायचे, ती इथे कुठे उभी राहायची? कुठे चिडायची? आम्ही दाखवलं की तिथे जाऊन जरा वेळ उभे राहायचे."

माझं काम केव्हाच संपलं होतं, तरी मी जात राहिले. सांधे बरे असले की काकू खेळत, नसले की खुर्चीत बसून काकांना खेळायला लावत आणि चुका काढत. मी एकदा काकूंना म्हटलं, "सूर्य मावळल्यावर एकदा जाऊन बघून या ना खरं मैदान." त्या म्हणाल्या, "पथ्य असलेल्याने हलवायाच्या दुकानासमोर उभं राहायचं का?" मी पुन्हा तो विषय काढला नाही.

अठरापैकी चौदा होल झाले होते तेव्हा काकांना ताप आला. डेंग्यूचं निमित्त झालं. दवाखान्यात मी भेटायला गेले तेव्हा ते हळू आवाजात डॉक्टरांशी प्लेटलेट मोजण्याच्या पद्धतीवर वाद घालत होते. मला हसू आलं. वाटलं, आता बरे होतात. आठवड्याच्या आत ते गेले.

दिवसकार्य झाल्यावर मी काकूंकडे गेले. त्या बेसमेंटमध्ये बसल्या होत्या. पडद्यावर चौदावा होल लागलेला. त्यापुढे काहीच नव्हतं; नुसती करडी मोकळी जागा. "त्यांच्या कंपनीतली मुलं येऊन गेली," काकू म्हणाल्या. "उरलेले चार आम्ही पुरे करतो म्हणाली. फोटो काढून आणा म्हणाली."

"मी जाईन," मी म्हटलं.

काकू पडद्याकडे बघतच म्हणाल्या, "मी खेळायचे त्या सगळ्या वर्षांत ते एकदाही मैदानावर आले नव्हते. लोकांना वाटायचं, त्यांना हौस नाही. ते विचारायचे गं. मीच येऊ देत नव्हते. वाटायचं, संसारात सगळंच दोघांचं, एवढं एक माझं असू दे. मी जायची बंद झाल्यावर तो माणूस तिथे गेला. एकटा. आणि मी इथे बसून त्याला झाडं चुकल्याचं सांगत होते."

काकूंनी डोळे पुसले आणि उठून उभ्या राहिल्या. "तुला काय कळणार त्यातलं. मी येते बरोबर."

दोन दिवसांनी सूर्य मावळल्यावर मी त्यांना गाडीतून घेऊन गेले. पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातमोजे, डोक्याला स्कार्फ. उजेड झपाट्याने कमी होत होता. पंधरावा, सोळावा, सतरावा, अठरावा. काकू माझा हात धरून सावकाश चालल्या. कुठे थांबत, बोट दाखवत, मी फोटो काढे. एका उतारावर त्यांनी हात सोडला आणि एकट्याच पुढे जाऊन उभ्या राहिल्या. मी तिथला फोटो काढला नाही.

फोटो बघून कंपनीतला मुलगा ओशाळला. "मॅडम, सगळे काळे आलेत. काहीच दिसत नाहीये. उजेडात पुन्हा काढावे लागतील."

काकू चहा ओतत होत्या. "नको," त्या म्हणाल्या. "चौदा त्यांनी मला दाखवले. हे चार मी त्यांना दाखवून आले."