एकच जाड थर

पार्लरमध्ये वहिनीच्या हातासारखं जेल पॉलिश कुणाचंच बसत नसे. रंगाचा पातळ थर, दिव्याखाली वाळवण, मग दुसरा, तिसरा. पहिल्या थराला नख कितीही फटफटीत दिसो, बाई ढिम्म हलायची नाही.

मालकिणीने वहिनीच्या धाकट्या नणंदेलाही कामावर घेतलं आणि वहिनीच्या पोटात दुखायला लागलं. घरी या पोरीचे लाड, आता इथेही?

"वहिनी, रंग असा भरगच्च, एकसारखा कसा गं बसतो?" नणंदेने विचारलं.

"एकच जाड थर दे. दिवा वाळवतो की," वहिनी गोड हसली.

वरून चकचकीत वाळलेला रंग आतून ओलाच राहिला. दुसऱ्याच दिवशी गिऱ्हाईक सुरकुतलेली, सोललेली नखं मालकिणीच्या नाकासमोर नाचवत आलं.

"हे असलं शिकवलं कुणी तुला?" मालकीण कडाडली. पोरीला तिथल्या तिथे घरी पाठवलं.

संध्याकाळी ती वहिनीच्या गळ्यात पडून रडली. "मीच काहीतरी चुकले असेन. पण तुझं नाव नाही घेतलं हं मी."

"शहाणी गं माझी," वहिनीने पदराने तिचे डोळे पुसले. "जाऊ दे. तुझ्या बोटांत कलाच नाही, त्याला तू तरी काय करणार?"